एडॅट, डीए-८८ आणि डॅट: घरच्या स्टुडिओत जुनी डिजिटल यंत्रे एका क्लॉकवर आणताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलेसिसचा डिजिटल टेप रेकॉर्डर, म्हणजे एडॅट, १९९१ साली जाहीर झाला आणि १९९२ मध्ये बाजारात आला. त्याच जातीचे टास्कॅमचे डीए-८८ आले १९९३ मध्ये. एक एस-व्हीएचएस कॅसेट वापरते, दुसरे हाय-८, आणि दोन्हींवर आठ-आठ ट्रॅक मावतात. आज ही यंत्रे घरी येतात ती मुख्यतः दोन कारणांनी: जुन्या टेप संगणकात उतरवून घ्यायला, किंवा त्या काळचे सिंथ, सॅम्पलर आणि डिजिटल मिक्सर पुन्हा वाजते करायला. दोन्हीकडे गाडी एकाच ठिकाणी अडते, ते म्हणजे क्लॉक: आवाजाचे पुढचे मोजमाप, म्हणजे सॅम्पल, नेमके केव्हा घ्यायचे ते सांगणारा ठोका.

एडॅटवरून संगणकात गाणे घेतले की ठरावीक वेळाने ‘टिक्’ असा आवाज येतो. टेप गेली का?

बहुधा नाही. टिक् ठरावीक अंतराने येत असेल तर दोष क्लॉकचा. कधीही, कुठेही येत असेल तर टेप, हेड किंवा संगणकाचा बफर तपासा.

प्रत्येक यंत्रात हा ठोका देणारा स्वतःचा क्रिस्टल असतो. दोन्हींवर ४८ किलोहर्ट्झ लिहिलेले असले तरी ते दशलक्षात काही भागांनी इकडेतिकडे असतात. समजा दोघांत दशलक्षात ४० भागांचा फरक आहे. ४८ किलोहर्ट्झला दर सेकंदाला १.९२ सॅम्पल जास्त किंवा कमी पडतात. घेणाऱ्या यंत्राला मग एखादे सॅम्पल गाळावे लागते किंवा तेच पुन्हा वापरावे लागते, आणि तिथे टिक् होते. अंतर मोजले तर फरकही कळतो: ४८ किलोहर्ट्झला दर १० सेकंदांनी एक टिक् म्हणजे ४,८०,००० सॅम्पलमागे एक, म्हणजे दशलक्षात साधारण २ भाग. इतका क्षुल्लक फरकसुद्धा कानाला बोचतो.

हेच गाणे अ‍ॅनालॉग केबलने घेतले तर टिक् येणार नाही, पण चूक गेली असे समजू नका. ती लपली आहे. ४० भागांच्या फरकाने तासाभरात १४४ मिलिसेकंद सरकतात, १० मिनिटांच्या गाण्यात २४. दोन टेप वेगवेगळ्या उतरवून शेजारी ठेवल्या की शेवटच्या अंतऱ्यात तबला आणि ढोलक वेगळे पडलेले ऐकू येतात.

टाइमकोड जोडलेला आहे. मग वर्ड क्लॉक कशाला?

टाइमकोड सांगतो की आपण कितव्या मात्रेवर आहोत. वर्ड क्लॉक म्हणजे लय. मात्रा बरोबर धरली तरी लय वेगळी असेल तर दोन आवर्तनांत गाडी घसरते.

स्मप्टे किंवा एमटीसी (मिडी केबलीतून जाणारा टाइमकोड) हा जागेचा पत्ता आहे: तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. वर्ड क्लॉक हा सॅम्पल रेटच्याच वारंवारितेचा चौकोनी सिग्नल. ‘पुढचे सॅम्पल आता’ एवढेच तो सांगतो. सॉफ्टवेअर एमटीसी वाचून योग्य जागी सुरू होते आणि त्यानंतर बहुतेक वेळा ऑडिओ इंटरफेसच्याच (संगणकात आवाज आत-बाहेर नेणाऱ्या पेटीच्या) क्लॉकवर पळते. इंटरफेस स्वतःच्या क्रिस्टलवर असेल तर सुरुवात जुळेल, शेवट जुळणार नाही. दोन्ही लागतात, आणि दोन्ही एकाच उगमातून आलेले बरे.

मास्टर कोणाला करायचे?

ज्याला दुसऱ्याचे क्लॉक घेताच येत नाही, त्याला. घरगुती डॅट डेकला, म्हणजे छोट्या कॅसेटवर स्टिरिओ डिजिटल आवाज लिहिणाऱ्या रेकॉर्डरला, वर्ड क्लॉकचे इनपुट नसते. रेकॉर्ड करताना तो डिजिटल इनपुटच्या क्लॉकवर जातो, पण टेप वाजवताना स्वतःच्याच क्रिस्टलवर चालतो. म्हणून डॅट वाजत असताना मास्टर तोच. मिक्सर आणि संगणक त्याच्यामागे.

असे दोन हट्टी स्रोत एकाच वेळी वाजवायचे असतील, उदाहरणार्थ डॅट आणि सीडी प्लेअर, तर एकाच्या वाटेत सॅम्पल रेट कन्व्हर्टर (एका क्लॉकची सॅम्पल दुसऱ्या क्लॉकवर नव्याने मोजून देणारी पेटी) घालावाच लागतो. बेहरिंगरचा एसआरसी२४९६ यासाठी पुष्कळांकडे सापडतो. कन्व्हर्टरमधून गेलेली सॅम्पल मूळची राहत नाहीत, हे लक्षात ठेवून जतनाच्या कामात तो टाळा.

बाकी नियम एकच: मास्टर एक, उरलेले सगळे स्लेव्ह. दोन यंत्रे एकमेकांकडे बघत बसली की लॉकचा, म्हणजे क्लॉक पकडल्याचा, दिवा लुकलुकतो, सूर डोलतो, आणि कधी कधी सगळे ठीक चालून मधूनच सुटते. हा तिसरा प्रकार शोधायला सगळ्यात वाईट. असे झाले की प्रत्येक यंत्राचे क्लॉक सेटिंग कागदावर लिहून काढा. ‘इंटर्नल’ (स्वतःच्या क्रिस्टलवर) हा शब्द एकदाच आला पाहिजे.

एका एडॅटचे आठ ट्रॅक संगणकात कसे घ्यायचे? नेमके काय काय करायचे?

१. कॅसेटची लेखन-संरक्षणाची टिकली काढलेली आहे ना ते बघा. नसेल तर आधी काढा. मग टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे न्या, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच ताणात बसलेली गुंडाळी सैल होते.

२. एडॅट इंटर्नल क्लॉकवर, डिजिटल इनपुट बंद, पिच शून्यावर.

३. एडॅटच्या ऑप्टिकल आउटमधून इंटरफेसच्या ऑप्टिकल इनमध्ये केबल. इंटरफेसचा तो पोर्ट ‘एडॅट’वर लावा. एसपीडीआयएफ या स्टिरिओ डिजिटल जोडणीची ऑप्टिकल केबल आणि सॉकेट हुबेहूब असेच असतात. लाल उजेड दिसतो, पण सेटिंग चुकले तर आवाज येत नाही किंवा नुसता खरखराट येतो.

४. इंटरफेस ४८ किलोहर्ट्झ, क्लॉक सोर्स ‘एडॅट इन’. लॉक झाल्याचे दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. आरएमईसारख्या इंटरफेसवर ‘लॉक’ आणि ‘सिंक’ असे दोन शब्द दिसतात. लॉक म्हणजे सिग्नल वाचता येतोय. सिंक म्हणजे तो आपल्याच क्लॉकच्या पायात पाय घालून चालतोय. तुम्हाला ‘सिंक’ हवे.

५. सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्टही ४८ चाच. फाइल २४ बिटची चालते. मूळ एडॅटची १६ बिटची सॅम्पल तिच्यात जशीच्या तशी बसतात.

६. आधी संगणकावर रेकॉर्ड सुरू करा, मग टेप. गाण्यांच्या मध्ये थांबू नका. १२० मिनिटांच्या कॅसेटवर एडॅटचा मजकूर सुमारे ४० मिनिटांचा असतो, तो एका दमात घ्या.

आता पडताळणी, जी बहुतेक जण गाळतात. तोच भाग दुसऱ्यांदा उतरवा. दोन्ही फाइल सॅम्पलपर्यंत एकावर एक बसवा आणि एकीची पोलॅरिटी उलटी करा, म्हणजे सारखा भाग एकमेकांना खोडतो. पूर्ण शांतता आली तर काम चोख. एखाद्या ठिकाणी क्षणभर चरचर होऊन पुन्हा शांतता आली, तर तिथे टेप वाचताना चूक झाली आणि मशीनने अंदाजाने सॅम्पल भरले. पण एका बिंदूपासून पुढे शेवटपर्यंत आवाज येतच राहिला, तर तिथे सॅम्पल निसटले आहे, म्हणजे क्लॉककडे परत जा.

दोन किंवा तीन एडॅट असतील तर?

पहिल्याच्या सिंक आउटमधून दुसऱ्याच्या सिंक इनमध्ये नऊ पिनची केबल, तिथून तिसऱ्यात. ज्याचे सिंक इन रिकामे, तो मास्टर. अशी १६ मशिन्स, म्हणजे १२८ ट्रॅक जोडता येतात. केबल सरळ जोडणीची आणि शिल्ड असलेली हवी. संगणकाच्या जुन्या सीरियल केबलींमध्ये नल-मोडेम नावाचा प्रकार येतो, त्यात तारा उलटसुलट असतात. ती बसते, पण काम करत नाही.

याच केबलीतून जागा आणि क्लॉक दोन्ही जातात, म्हणून मशिन्समध्ये आणखी काही जोडायचे नाही. जुळणी सॅम्पलपर्यंत अचूक असते. फॉरमॅट करतानाच टेपवर वेळेच्या खुणा पडलेल्या असतात, त्याचा हा फायदा. मागच्या मशिन्सना पकडायला काही सेकंद लागतात, तेव्हा गाण्याच्या १०–१५ सेकंद आधीपासून वाजवा. प्रत्येकाची ऑप्टिकल केबल इंटरफेसच्या वेगळ्या इनपुटला, क्लॉक सोर्स मात्र पहिल्याच एडॅटचा.

टेप दोन आहेत, पण चालू मशीन एकच. जमेल का?

जमेल, आणि वाटते त्याहून सोपे आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी दोन्ही मशिन्स एकाच क्लॉकवर होती, म्हणून दोन्ही टेपवर तेवढ्याच वेळात तेवढीच सॅम्पल आहेत. संगणक एडॅटच्या क्लॉकवर ठेवून एकेक टेप डिजिटल उतरवली की सॅम्पलची संख्या बदलत नाही. मग उरते ती फक्त सुरुवात जुळवणे. दोन्ही टेपवर सापडेल अशी एक खूण शोधा: क्लिक ट्रॅक, स्टिकचा काउंट, मायकात शिरलेली ढोलकची थाप. मायकातल्या थापेला अंतराचा थोडा उशीर असतो, म्हणून विद्युत क्लिक असेल तर तीच घ्या. सुरुवात जुळली की शेवट आपोआप जुळतो. जुळला नाही, तर कुठेतरी सॅम्पल पडले आहे.

इंटरफेसला नऊ पिनचे एडॅट सिंक इनपुट असेल तर हेही कष्ट वाचतात. आरएमईच्या एचडीएसपी ९६५२ कार्डाला ते होते, मोटूच्या २४०८ बरोबरच्या पीसीआय कार्डालाही.

टेपच्या लेबलवर ‘४४.१’ लिहिले आहे. जुन्या काळ्या एडॅटवर ते बटणच नाही.

मूळ एडॅट ४८ वरच चालायचे. ४४.१ हवे असेल तर पिच १४७ सेंट (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर) खाली आणून रेकॉर्ड करत. पिचचा पल्ला उणे ३०० ते अधिक १०० सेंट, म्हणजे साधारण ४०.४ ते ५०.८ किलोहर्ट्झ. अशी टेप शून्य पिचवर वाजली तर गाणे जवळजवळ दीड अर्धस्वर चढते आणि ८.८ टक्के जलद पळते.

सरळ मार्ग म्हणजे पिच उणे १४७ वर लावून इंटरफेस ४४.१ ला एडॅटच्या क्लॉकवर ठेवणे. इंटरफेस पकडत नसेल तर टेप ४८ वरच उतरवा आणि नंतर फाइलच्या हेडरमधला (सुरुवातीच्या माहितीतला) सॅम्पल रेट ४४.१ करा. रूपांतर करायचे नाही, फक्त आकडा बदलायचा. सॅम्पल तीच आहेत, वाचण्याचा वेग तेवढा चुकला होता. लेबलवर काहीच नसेल आणि गायकाचा आवाज पोरकट वाटत असेल, तर पहिला संशय इथे घ्या.

डीए-८८ ला काय वेगळे?

बरेच. १२० मिनिटांच्या हाय-८ कॅसेटवर सुमारे १०८ मिनिटे मावतात, आणि ४४.१ व ४८ दोन्ही रेट मशीनवरच आहेत. मशिन्स एकमेकांना जोडायची केबल १५ पिनची. मागच्या बाजूला ओळख क्रमांकाचा फिरता स्विच असतो. मास्टर ० वर, पुढची १, २ अशी. दोन मशिन्सवर एकच क्रमांक राहिला तर साखळी गोंधळते, आणि सेकंडहँड आणलेल्या मशिन्समध्ये हे हमखास सापडते.

डिजिटल आवाज टीडीआयएफ नावाच्या २५ पिनच्या जोडणीतून जातो, एकाच केबलीत आठ आत आणि आठ बाहेर. क्लॉकसाठी तिच्यावर विसंबू नका. वर्ड क्लॉकची बीएनसी (फिरवून अडकवायच्या गोल कनेक्टरची) केबल वेगळी टाकाच. दुसरा धोका असा की अ‍ॅनालॉगसाठी टास्कॅम वापरत असे तो मल्टी-कनेक्टरही २५ पिनचाच. केबली अदलाबदल करू नका, दोन्हीला लेबल चिकटवा. नव्या इंटरफेसवर टीडीआयएफ जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे टीडीआयएफ ते एडॅट ऑप्टिकल असा कन्व्हर्टर लागतो.

एडॅट आणि डीए-८८ एकत्र पळवायचे असतील तर त्यांच्या सिंक भाषा जुळत नाहीत. मोटूच्या डिजिटल टाइमपीससारखा सिंक्रोनायझर मध्ये लागतो. फक्त टेप उतरवायच्या असतील तर त्या नादी लागू नका. दोन्ही वेगवेगळ्या उतरवून वर सांगितल्याप्रमाणे जुळवा. रेकॉर्डिंगच्या वेळी दोन्ही एका क्लॉकवर होती का, एवढे मात्र शेवटची खूण तपासून खात्री करा.

वर्ड क्लॉकसाठी कोणती केबल? टर्मिनेटर कुठे लावायचा?

केबल ७५ ओहमची, दोन्ही टोकांना बीएनसी. आरजी-५९ चालते आणि सीसीटीव्हीमुळे ती कुठल्याही गावात मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत बीएनसी क्रिंप करूनही देतात. केबलीच्या सालीवर आरजी-५८ छापलेले असेल तर ती ५० ओहमची, नेटवर्कच्या जुन्या जमान्यातली. त्याच जमान्यातले टी-जोड आणि टर्मिनेटरही ५० ओहमचे असतात. भंगारच्या डब्यात हे सगळे एकत्र सापडते, म्हणून छाप वाचूनच घ्या.

टी-जोडांची साखळी केली तर सगळ्यात शेवटच्या यंत्राशी एकच ७५ ओहमचे टर्मिनेशन, म्हणजे टोक बंद करणारा रोध. एकही नसेल तर सिग्नल टोकावरून परत फिरतो आणि कडा डागाळतात. दोन झाली तर भार ३७.५ ओहमचा होतो, व्होल्टेज पडते आणि कुठलेतरी एक यंत्र मधूनच लॉक सोडते. पुष्कळ यंत्रांत टर्मिनेशन आतच असते, काहींना स्विच असतो. माहीत नसेल तर यंत्र बंद करा, केबल काढा आणि बीएनसीची मधली पिन व कवच यांच्यात मल्टिमीटर लावा. ७५ च्या आसपास आकडा आला तर आत टर्मिनेशन आहे. हजारांत आला तर बहुधा नाही. काही इनपुटांत वाटेत कपॅसिटर असतो, तिथे मीटर फसतो. मग मॅन्युअल बघावे. टी-जोड थेट यंत्रावर बसवा, त्याच्यापासून फूटभर शेपूट काढू नका.

यंत्रे चारपेक्षा जास्त झाली की साखळी सोडून डिस्ट्रिब्यूटर (एक क्लॉक अनेक आउटपुटांना वाटणारी पेटी) घ्या.

डिजिडिझाइनच्या जुन्या इंटरफेसलाही बीएनसी आहे, पण लॉक होत नाही.

ते सुपरक्लॉक. सॅम्पल रेटच्या २५६ पट: ४४.१ ला ११.२८९६ मेगाहर्ट्झ, ४८ ला १२.२८८. कनेक्टर सारखा असला तरी वर्ड क्लॉकशी त्याचे जमत नाही. ८८८/२४ सारख्या पेटीला एईएस (व्यावसायिक डिजिटल जोडणी) किंवा एसपीडीआयएफ इनपुटवरून क्लॉक देणे सोपे.

डॅट टेप उतरवताना आणखी काय बघायचे?

टेप ३२, ४४.१ की ४८ ची आहे ते डेकच्या डिस्प्लेवर दिसते, आणि एकाच कॅसेटवर मध्येच बदलूही शकते. बदलले की इंटरफेस लॉक सोडतो, म्हणून प्रत्येक तुकडा वेगळा घ्या. कॉपी-बंदीचा एससीएमएस हा दुसऱ्या घरगुती रेकॉर्डरला अडवण्यासाठी होता. बहुतेक ऑडिओ इंटरफेस त्याकडे बघत नाहीत.

प्री-एम्फसिसकडे मात्र लक्ष द्या. काही टेपवर वरच्या पट्ट्या मुद्दाम उचललेल्या असतात आणि वाजवताना डेक त्या खाली आणतो. डिजिटल उतरवताना ती खूण हरवली तर आवाज टोचरा येतो. अशा वेळी अंदाजाने ईक्यू लावू नका, ५०/१५ मायक्रोसेकंदांचा डी-एम्फसिस फिल्टर लावा.

सोनी पीसीएम-एफ१ च्या व्हिडिओ टेप?

१९८१ चे हे यंत्र व्हिडिओ कॅसेटवर डिजिटल आवाज लिहायचे. पाल (भारतातल्या) टीव्ही यंत्रणेत २९४ ओळी, सेकंदाला ५० फील्ड, ओळीला ३ सॅम्पल: २९४ × ५० × ३ = ४४,१००. एनटीएससीमध्ये २४५ ओळी, पण फील्ड ५९.९४, म्हणून ४४,०५६. अमेरिकेतून किंवा जपानहून आलेली टेप ४४.१ म्हणून वाचली तर ०.१ टक्का जलद, म्हणजे १.७ सेंट. सुराला फारसे कळत नाही, तासाभराच्या मैफलीत मात्र साडेतीन सेकंद जातात. शिवाय दोन चॅनेलमध्ये अर्ध्या सॅम्पलचा, सुमारे ११ मायक्रोसेकंदांचा उशीर असतो. तो संगणकात सुधारून घ्यावा.

जुने सिंथ आणि सॅम्पलर?

अलेसिसच्या क्यूएस मालिकेतल्या काही सिंथना एडॅट ऑप्टिकल आउट आणि ‘४८ किलोहर्ट्झ इन’ असे बीएनसी आहे. नावातच अट आहे: स्टुडिओ ४४.१ वर असेल तर ते जोडून उपयोग नाही, अ‍ॅनालॉग आउट वापरा. अकाईच्या एस३०००एक्सएलचे एसपीडीआयएफ ४४.१ लाच बांधलेले. म्हणजे एक ४८ वर अडून बसलेला, दुसरा ४४.१ वर. दोघांनाही डिजिटल जोडण्याचा हट्ट सोडा.

फ्रेम रेट कोणता ठेवायचा? एमटीसी कितपत अचूक असतो?

भारतातल्या पाल व्हिडिओशी संबंध असेल तर २५. नुसते संगीत असेल तरीही २५ च ठेवा, २९.९७ च्या भानगडी टळतात. एमटीसीचे एका फ्रेमला चार संदेश जातात. २५ फ्रेमला दर १० मिलिसेकंदाला एक, आणि पूर्ण वेळ सांगायला दोन फ्रेम लागतात. त्यामुळे दर वेळी सुरुवात काही मिलिसेकंद मागेपुढे होते. सिक्वेन्सर पळवायला चालते. दोन फेऱ्यांत उतरवलेले ट्रॅक जुळवायला नाही.

जुन्या ड्रम मशीनला बहुधा एमटीसी कळतच नाही. त्याला मिडी क्लॉक द्या, ठोक्याला २४ टिक.

महागडे मास्टर क्लॉक घेतले तर आवाज सुधारतो का?

त्या पैशांत हेड साफ करून घ्या. चांगल्या इंटरफेसचा आतला क्रिस्टल कन्व्हर्टरच्या अगदी जवळ असतो. बाहेरून आलेले क्लॉक आधी केबलीतून आणि मग पीएलएलमधून (ते पकडून धरणाऱ्या सर्किटमधून) जाते, त्यात जिटर, म्हणजे ठोक्यांची थरथर, वाढू शकतो. डिजिटल ते डिजिटल नकलेत तर सॅम्पल वाचली गेली की झाले. यंत्रे पाच-सहा असतील तर डिस्ट्रिब्यूटर म्हणून घ्या, आवाजासाठी नको.

पावसाळ्यात मशीन टेप घेत नाही, डिस्प्लेवर ‘ड्यू’ येते.

ही सगळी फिरत्या ड्रमची यंत्रे. ड्रमवर बाष्प जमले की टेप चिकटून फाटू शकते, म्हणून सेन्सर मशीन अडवतो. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे नेहमीचे. टेप न घालता मशीन तासभर चालू ठेवा. एसीच्या खोलीतून बाहेरच्या दमट हवेत आणलेल्या मशीनला त्याहून जास्त वेळ लागतो. कॅसेट सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. खिडकीतून गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली तर ती टेप मशीनमध्ये घालूच नका. हेडवर बसलेली बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

बाहेरून आणलेल्या मशीनच्या मागचे व्होल्टेज वाचल्याशिवाय प्लग लावू नका. जपानचे १०० व्होल्टचे, अमेरिकेचे १२० चे असू शकते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मशीनच्या वॉटच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. आणि बीएनसी केबल लावल्यावर गुणगुण सुरू झाली म्हणून अर्थिंगची पिन तोडू नका. सगळी यंत्रे एकाच बोर्डावर आणा, तरी गेली नाही तर शक्य तिथे ऑप्टिकल जोडणी वापरा, तिच्यातून अर्थचा प्रवाह जातच नाही.